शारजा, सनय्या नंबर दहा

नारिंगी प्लग काढून खिशात ठेवला,
दुसऱ्या कुणी चुकून लावू नये म्हणून.
मग दहा मिनिटं थांबायचं. नियमच तसा.
रबरी हातमोजे उलटे केले
तर चहाच्या पेल्याएवढा घाम सांडला.

मीटर शून्य. काम झालं. प्लग परत जागेवर.
पण गाडी म्हणते, नाही.
पडद्यावर लाल त्रिकोण,
आणि सुदानी गिऱ्हाईक दारात, घड्याळ बघत.

बावीस वर्षं डिझेल कानाने ओळखलं मी,
खोकला कुठून येतो ते रस्त्यावरूनच सांगायचो.
हिला खोकलाच नाही.

छोटी बॅटरी बघितली, बारा पूर्णांक पाच.
फ्यूज शाबूत.
कोड पुसला. तो पुन्हा आला,
भाडं मागायला आल्यासारखा.

मुबीन, दापोलीचा पोरगा, टायरवर बसल्या बसल्या म्हणाला,
"चाचा, दांडी खाली पाडलीत,
पण पुढे सरकवलीत का?"

नव्हती.
नखभर राहिली होती.
टक्.

हिरवं अक्षर उजळलं. आवाज काहीच नाही.
गिऱ्हाईक गेलंसुद्धा, मला कळलं नाही.

रात्री खोलीवर, वरच्या बंकवर चढताना
खिसा चाचपला.
रिकामा.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
त्याचं बरं वाटलं.