हाडाचा शिक्षक

बालवाडी बंद. हवेत धूर फार झाला म्हणून.
शुक्रवारपर्यंत, असं म्हणतो एन्खझुल बाईंचा निरोप,
आणि खाली यादी:
रेषेवर चालणे. दहापर्यंत मोजणे.
प्राण्यांच्या चाली. एका पायावर उभे राहणे.
पालकांनी घरी करून घ्यावे.

पालक म्हणजे आज मी.
रात्रभर वीजकेंद्राच्या भट्टीपाशी उभा होतो,
भुवयांतली राख अजून धुतलेली नाही.
सारनगुआ गिरणीची बस गाठायला पळाली,
जाताना दारातच सोपवून गेली
खारट दुधाचा चहा
आणि खालिउन, वय वर्षं चार.

उलानबातरच्या या चढावर
प्रत्येक गेरच्या माथ्यातून एक धुराडं निघतं.
आमचाच धूर वर जातो, थंडीला टेकतो
आणि घरी परत येतो.
बालवाडी बंद पडली त्यात
माझ्या फावड्याचाही हात आहे.
हे तिला सांगत नाही.

रेषेवर चालणे.
घोड्याच्या केसांचा दोर गालिच्यावर पसरतो.
"हं, नाकासमोर चाल."
"नाकासमोर चूल आहे," ती म्हणते.
खरंच आहे. गोल घरात
नाकासमोर चालणारा भाजणारच.
मग दोर चुलीभोवती वाकवतो.
ती चालते, टाचेला अंगठा लावत,
हात पसरून, जीभ बाहेर काढून.
मधल्या दोन खांबांतून जायचं नाही
हे मात्र तिला सांगावं लागत नाही.

मोजणे.
छपराच्या केशरी काठ्या:
सात, आठ, नऊ, अकरा.
दहावर तिचा काय राग आहे कोण जाणे.
मी जरा डोळे मिटतो.
ती दोन बोटांनी माझी पापणी उघडते.
"बाबा, यादी."

प्राण्यांच्या चाली.
मी काही हाडाचा शिक्षक नाही,
पण हाडं आहेत. चार. मेंढ्यांच्या घोट्यांची,
वडिलांच्या मुठीत झिजून गुळगुळीत झालेली,
अजून त्यांच्या तंबाखूचा वास येणारी.
फेकायची. जी बाजू वर, तो प्राणी व्हायचं.
उंट आला: ती मान लांबवते, ओठ लोंबवते,
रेंगाळत पाण्याच्या पिंपापर्यंत जाते.
मेंढी: बसते. बसून लगेच कंटाळते.
बकरी: पलंगावरून धप्पकन उडी.
पुन्हा बकरी. पुन्हा बकरी.
बोटाने हाड हळूच फिरवते ती.
मी पाहिलंच नाही.

घोडा आला.
तिच्या वयाचा होतो तेव्हा मी घोड्यावर होतो.
तोल कुणी शिकवला नाही.
पडलो, तेव्हा जमिनीने शिकवला.
तिने घोडा पाहिलाय कॅलेंडरवर,
आणि हा दोर, एवढाच.
म्हणून मीच ओणवा होतो.
एक फेरी, दोन फेऱ्या, वाळत घातलेले मोजे तोंडावर,
गुडघे कडकड वाजतात.
पाठीवरून ओरडते, "घोडा तुटतोय!"

खाली उतरून ती पुन्हा फेकते.
तीन हाडं आडवी. चौथं
गालिच्याच्या चुणीला टेकून
उभंच राहिलं.
ना घोडा, ना उंट, ना मेंढी, ना बकरी.
असं झालं की वडील चहाचा घोटही घेत नसत,
घरभर सगळे गप्प.

"आता काय व्हायचं?"

यादी बघतो. यादीत नाही.
मला तरी कुठे माहीत?
तोवर ती एका पायावर तयार,
दुसरा पाय बगळ्यासारखा पोटाशी,
एक हात माझ्या कानाला धरून.
मी हळूहळू उठतो. तिचा हात
कानावरून खिशाशी येतो.
मीही एक पाय उचलतो.

माथ्यातल्या चक्रातून ऊन उतरलंय,
मळकट, पण ऊनच.
चुलीत एक कोळसा सरकतो.
"हलू नको," ती कुजबुजते, "हाड पडेल."

नाही हलत.
मनात मोजतो, सात, आठ, नऊ,
आणि मीही दहा गाळतो.