मुकं अक्षर

अपडेट रात्रीत आपलंआपणच झालं.
सकाळी मालानबाईंच्या फोनवर सगळं होतं:
भरती-ओहोटीचं कोष्टक, वाऱ्याचा इशारा,
मेंढ्यांचे फोटो.
फक्त एक अक्षर नव्हतं.

"ते रे, ज्याच्या मानेवर आडवी रेघ असते,"
काउंटरवर फोन आपटत त्या म्हणाल्या.
तोर्शहावनच्या वाचनालयात दर मंगळवारी
मी असलीच दुखणी बघतो.

बंद करून चालू केला.
कीबोर्ड काढला, परत घालायला गेलो
तर 'जागा अपुरी' म्हणाला; म्हणून धुक्याचे
एकशे बारा फोटो त्यांना विचारून पुसले.
एक राहू दे म्हणाल्या. कुठलाही.

खरं तर ते अक्षर आम्ही उच्चारतच नाही.
लिहितो, आणि गिळून पुढे जातो.
"मग त्याच्यावाचून अडलं कुठे?"
मी थट्टेनं विचारलं. चुकलंच.

त्यांनी मेसेज दाखवला.
ऐयुन, धाकटा, बॅरेंट्स समुद्रात ट्रॉलरवर.
त्याच्या नावातून ते अक्षर गळलेलं,
आणि खाली त्याचं उत्तर:
"हे कोण? आईचा फोन तुमच्याकडे कसा?"

सेटिंग्ज, भाषा, पार तळाशी.
अपडेटनं आमची भाषा खाली ढकलून
वर डॅनिश बसवली होती, न विचारता.
बोटानं ओढून जागेवर आणली.

मालानबाईंनी नाव लिहिलंच नाही.
नुसतं ते अक्षर पाठवलं,
चार वेळा, ओळीनं.
बराच वेळ काही नाही. मग:
"हां, तूच.
मेंढ्या खाली उतरल्या का?"