परतीची स्प्रिंग

तिसरीही तिथंच तुटली,
आकडा जिथं काटकोनात वळतो तिथं.
अडावदहून दुसऱ्या गिअरवरच आलो,
पायाखाली दांडी
मेल्या शेपटीसारखी लोंबत.

चोपड्याच्या गुलशेर तडवीनं
तुकडा उन्हात धरला.
म्हणाला, "कंपनीनं वळवायची घाई केली."
मग नवी तार,
जुन्या पिनेभोवती एक वेढा जास्त,
वळण बोराच्या बीएवढं गोल.
निळी पडेस्तोवर तापवली,
राखेत निवू दिली.
पहिली वाकडी निघाली. शिवी. भंगारात.
दुसरी बसली.

दांडी दाबली, सोडली:
आली जागेवर.
पुन्हा दाबली.
आली.

पैसे काढले तर हात पुसत म्हणे,
"पयले सातपुडामा जाईसन ये.
तुटनी ते तुकडा लई ये, फेकू नको.
कोठे चुकनू,
ते तीच सांगस."