वजन म्हणून

फॅन फिरतोय, गार नाही.
फिल्टर धुतला, सेल बदलले,
एमसीबी पाडून वर केला,
रिमोटवर अठरा, खोलीत तेहतीस.

इद्रिस आला कुर्ल्याहून.
तांब्याच्या नळीवर दोन बोटं ठेवली,
वैद्य नाडी बघतो तशी.
"गॅस आहे. बाहेरचा पंखाच उठत नाहीये."

मग दोराचं एक टोक कमरेला,
दुसरं आमच्या पलंगाच्या पायाला,
आणि तो नवव्या मजल्याच्या खिडकीतून
पाठमोरा उतरला.

पलंगावर मी बसून राहिले. वजन म्हणून.
खाली शहाळंवाल्याचा कोयता : खट्, खट्.

फुगलेला कपॅसिटर त्यानं आत दिला,
"मेलाय, पण टोकांना हात लावू नका."

गार सुटलं.
तो मात्र दाराशी, वाऱ्याबाहेर उभा :
"घामावर बाधतं, ताई."
दोर त्यानं कधीच गुंडाळला होता.
मी अजून
पलंगावरच.