गोडं पाणी

कुटबणच्या बर्फ-कारखान्यात मी रात्रपाळीला असतो.
लाद्या डब्यांतून सुटतात तेव्हा
म्हशीने कूस बदलावी तसा आवाज होतो.
बाबा म्हणायचे, हा कसला बर्फ, ही दगडी साखर.

बर्फ त्यांनी पाहिला होता बॅफिनच्या किनाऱ्याला,
तारवाचा पंखा मोडून अडकले त्या साली.
पाग्यांच्या घरातला पहिला माणूस
जो समुद्रावरून चालत गेला.
पुढे कौनाक नावाचा शिकारी, हातात टोकदार काठी.
एका घावात आरपार गेली, तर मागे फिर.
दोन सोसले, तर एकटा जा.
तीन सोसले, तर कुत्र्यांसकट.
आम्ही पोरांनी बे एके बेच्या आधी
हे पाठ केलं.

बेतुलला काय त्याचं!
बाजारात हसायचे: शाणू पागी बघा,
घाम येईल म्हणून सावकाश चालतो.
आधी घाम गोठतो, मग माणूस,
हे मे महिन्यात मासळी घासाघीस करणाऱ्यांना
कोण सांगणार?
काळोखात मोबोरच्या वाळूवर अनवाणी उभे राहून
तळव्याला लागणाऱ्या वळ्यांवरून
ते सांगायचे, काल वारा कुठून आला.
बहुतेक वेळा बरोबर.

आई चिडायची ती एकाच गोष्टीवर.
रापणीतला पहिला मासा, शेवटो असो की तामसो,
त्याच्या तोंडात गोडं पाणी सोडायचे.
कौनाकने मारलेल्या सीलला पाजलं होतं तसं,
बर्फ आधी स्वतःच्या तोंडात वितळवून.
खाऱ्यातला जीव रे, जन्मभर तहानलेला.
पाजलंस तर तिकडे जाऊन सांगतो,
त्या घरी जा म्हणून.
मासे काही आमच्याकडे जास्त आले नाहीत.

गेल्या श्रावणात साळ नदी खाजनात घुसली.
रात्री दोनला बांधावर सात जण, टॉर्च एक.
माझ्या हातात कारखान्यातली पहार.
मारली.
एका घावात मुठीपर्यंत गेली.
मागे, मी ओरडलो, मागे!
पाच पावलं पुढे बांध खाली बसला,
अगदी गुपचूप,
देवळात उशिरा आलेल्या माणसासारखा.

घरी आलो, चिखलाने माखलेला.
बाबांचे डोळे तेव्हा मोतीबिंदूने पांढरे.
किती घाव?
एक.
हं, म्हणाले, आणि कुशीवर वळले.

डिसेंबरात ते गेले त्या पहाटे
गंगेच्या कुपीचं झाकण गंजून बसलेलं,
कोणाला उघडेना.
मी डब्यातला बर्फाचा तुकडा काढला,
मासळीसाठी आणलेला, आपल्या तोंडात धरला.
दात कळवळले.
वितळल्यावर त्यांच्या ओठांत सोडला.
उष्टं! आत्या म्हणाली, तोंड फिरवून.

गळ्याची गाठ एकदा हलली.

मी दुसरा तुकडा तोंडात धरला.