दुमड

शारजा, रोला. जिना उतरून चौथं दुकान.
डेटलेफसाहेब एरवी पँटची उंची कमी करायला येतात.
आज त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटातून
चिमट्याने काढून ठेवली एक दंडपट्टी.

पिवळी. हळदीसारखी नव्हे,
जुन्या फायलीच्या पुठ्ठ्यासारखी.
वर काळी टोकेरी अक्षरं, कडेला पुसट जांभळा शिक्का.
"जर्मन सैन्याची. पण माणूस सैनिक नव्हे.
स्वयंपाकी असेल, ट्रकवाला, टेलिफोनवरची पोरगी.
गणवेश नसायचा अशांना."
मग पाकिटाकडे बघत :
"पट्टी असली तर शत्रू कैद करणार.
नसली, तर भिंतीशी उभं."

उसवलंय तेवढं शिवा. दोरा जुना वाटला पाहिजे.
आतली दुमड सोडवा, फ्रेममध्ये सपाट बसायला हवी.
आणि डाग धुवायचा नाही,
डागाची किंमत वेगळी.

साहेब गेले. मी पट्टी उलटी केली,
शिंप्याला आतली बाजू आधी दिसते.
दोन बोटं कापड आत घेऊन
कुणीतरी हाताने टाके घातलेत.
एकेरी, वाकडे, अपुऱ्या उजेडातले.
टेप लावली : साडेदहा.
कोटावरून साडेदहा, म्हणजे दंड नऊचा.

नऊच.
मुग्धाच्या दहावीच्या निरोप समारंभाचा ब्लाऊज
मी इथून शिवून पाठवला होता,
माप फोनवर विचारून.

नव्वद साली कुवेतमधून निघताना
हमीद वाघूने उशीचा अभ्रा फाडून पट्ट्या केल्या.
मी बॉलपेनने 'इंडिया' लिहिलं, खाली त्याने अरबीत.
बसऱ्याच्या वाटेवर दर नाक्याला
अख्ख्या बसचे डावे हात खिडकीबाहेर.
शिपाई पट्ट्या बघत गेले.
तोंडाकडे एकानेही पाहिलं नाही.
अम्मानला उतरल्यावर
त्याच पट्टीने मी बूट पुसले.

दुपारभर एसीचं पाणी बादलीत टपकत होतं.
उसवलेली कड मी जुन्या सुती दोऱ्याने शिवली.
दुमडीपाशी कात्री नेली
आणि खाली ठेवली.

संध्याकाळी फोन केला :
साहेब, दुमड सोडवली तर कापड फाटेल.

खोटं. चांगलं घट्ट कापड आहे,
अजून पन्नास वर्षं काही होत नाही त्याला.

पंचवीस दिरहम ठरले होते, वीस घ्यायचे ठरवले.
म्हटलं, फ्रेमच
थोडी लहान करून घ्या.