नव्वद नंबरचं तेल

वाडीत, वजनकाट्याच्या मागे
मुबीनभाईंची क्रेन उभी होती.
जबलपूरचं लोखंड, लष्कराच्या लिलावातून आलेलं,
दारावर रंगाच्या चार थरांखाली अजून तो बाण,
वर तोंड करून.
मे महिना. जॅकला हात लावला तर फोड यावा असं ऊन.
मागच्या डाव्या चाकातून तेल गळायचं;
जिथं गाडी रात्र काढी
तिथं सकाळी मातीवर एक काळी पोळी.

बाबा उताणे होऊन आत सरकले.
टॉर्च माझ्याकडे. सुट्ट्या होत्या,
आणि सीलच्या पत्र्यावरचे बारीक आकडे
त्यांना दिसत नसत, मला दिसत.
ड्रम निघाला तसा वास आला,
नव्वद नंबर तेलाचा, गंधकाचा, जळका,
जो आईनं सोड्यात उकळलेल्या शर्टातूनही
कधी गेला नाही.
लायनिंग चिंब.
"अशानं ब्रेक लागन काय बे?"
बाबा ड्रमला विचारत होते.

घाट रोडवर नऊ दुकानं.
प्रत्येकजण कॅलिपर लावी, मान हलवी.
हे माप आता येत नाही.
नवव्यानं टाटाचं सील दिलं, दोन मिलिमीटर सैल,
म्हणाला, बसून जाईल.
बसलं.
बुटीबोरीपर्यंत.
मुबीनभाई परत आले ते हसत नव्हते.

त्या रात्री बाबांनी ताट तसंच सरकवलं,
पलंगाखालची पेटी ओढली,
आणि लग्नातल्या कोटाच्या खालून
फडक्यात बांधलेली आबांची रापी काढली.

मी ती पहिल्यांदाच पाहत होते.
आबांनी जन्मभर गावाचे पाय मापले,
गावानं पैसे वरून टाकले, हातात नाही.
बाबा माझ्याएवढे असताना एका ट्रकवर बसून
नागपूरला आले आणि लोखंडाला भिडले.
इथं सगळे उस्ताद म्हणतात.
उस्तादाला आडनाव लागत नाही.

मग त्यांनी जुनं सील छिन्नीनं उघडलं.
आत रबर नव्हतंच.
चामडं होतं, तेल पिऊन काळं झालेलं.
"सैन्याच्या गाडीत?" मी म्हटलं.
बाबा गप्प.
त्यांना ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं,
हे मला फार उशिरा कळलं.
दिसूनही ते नऊ दुकानं फिरले.

म्हशीचं कातडं कामठीहून आलं,
एक रात्र एरंडेलात राहिलं.
सकाळी त्यांनी रापी पुढे ढकलली,
आणि ती अशी चालली
जसा त्यांच्या हातात पाना कधी चालला नव्हता.
कड तासत तासत
कांद्याच्या पापुद्र्याएवढी केली.
"ओठ तेलाकडं पायजे," ते म्हणाले,
"उलटा बसवला का सारी मेहनत पाण्यात."
एवढंच शिकवलं. बाकीचं
मी त्यांच्या अंगठ्याकडे बघून घेतलं.

तरी थेंब आला.
बाबांनी शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही,
मग एक्सलवरची बटणाएवढी टोपी फिरवून काढली.
आत कुंभारीण माशीनं घर केलेलं,
मातीचं, पक्कं, नीट लिंपलेलं.
"याले दम घ्याले जागा नाही,
मंग तेलानं काय करावं?"
तार घातली. फुंकर मारली.

रात्री चाकाखाली कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा.
पहाटे मी आधी पोचले.
कोरडा. फक्त कोपऱ्यात एक डाग, चहाचा;
बाबांनी तरीही त्याला बोट लावलं,
वास घेतला, जिभेवर ठेवून पाहिलं.

मुबीनभाईंनी पैसे मोजता मोजता विचारलं,
कोणत्या कंपनीचं मिळालं शेवटी?
बाबा कापसानं नखं पुसत होते.
"जुना स्टॉक होता," म्हणाले.
थोड्या वेळानं,
माझ्याकडे न बघता,
"घरचा."